महाराजांनी नम्रपणे पाणी मागितलं

नर्सचा पोशाख हा मुळात नाटकाचाच पोशाख आहे, हे मी तो पहिल्यांदा अंगावर चढवला त्याच दिवशी ओळखलं. खळ घातलेली पांढरी टोपी, कमरेला पट्टा, आणि वॉर्डाच्या दारातून आत शिरलं की दोन्ही बाजूंच्या खाटांवरून आपल्याकडे वळणारी तोंडं. याहून जास्त नटीला काय मिळतं? वडिलांनी मला गणेशोत्सवातल्या नाटकात उभं राहू दिलं नव्हतं. मुलीच्या जातीला ते शोभत नाही, असं त्यांचं मत. म्हणून मी मुंबईला जाऊन नर्सिंग शिकून आले आणि महाडच्या इस्पितळात रोज सकाळी एंट्री घेऊ लागले. वडिलांना हे शेवटपर्यंत कळलं नाही.

साठ सालाच्या आसपासची गोष्ट आहे ही. आमचं इस्पितळ म्हणजे कौलारू, लांबट इमारत, पुढे पडवी, पडवीत बाकं. बाकांवर पेशंटचे नातेवाईक राहायचे. राहायचे म्हणजे अक्षरशः राहायचे. डोंगरातल्या वाडीतून एक माणूस आजारी होऊन आला की त्याच्यामागे अर्धी भावकी यायची, आणि वळकट्या, तांदूळ, चुलीला लाकडं असा सगळा संसार घेऊन यायची. मागच्या अंगणात चुली पेटायच्या. इस्पितळाला नेहमी भाजलेल्या सुकटीचा वास असायचा, आणि फिनेलने तो कधीच हरला नाही.

शिमगा आटोपल्यावर उमरठच्या वरच्या अंगाला असलेल्या एका वाडीतून एक माणूस डोलीत घालून आणला. पोलादपूरपर्यंत चार खांद्यांवर आणि तिथून पुढे डोलीसकट लॉरीत. पस्तिशीचा, दांडगा, मिशाळ. टायफॉईड. लोक त्याला मुदतीचा ताप म्हणायचे, म्हणजे हा ताप आपली तीन आठवड्यांची मुदत भरतो आणि मग आपणहून जातो, अशी समजूत. तोवर औषध द्या न द्या, त्याची मुदत तो घेणारच.

हा गृहस्थ गावच्या उत्सवातल्या नाटकात दुष्ट राजाची कामं करायचा. कोणतंही नाटक असो, दुष्ट राजा तोच. ताप डोक्यात चढला तसा तो त्या दरबारात जाऊन बसला आणि आम्हाला सगळ्यांना तिथे ओढून घेऊन गेला. मी दासी. वॉर्डातल्या मावशी, ज्या लादी पुसायच्या आणि शौचाची भांडी द्यायच्या-घ्यायच्या, त्या प्रधान. डॉक्टर राउंडला आले की "कोण रे हा फितूर?" अशी गर्जना. डॉक्टर तिरकस बोलणारे होते, पण त्यांनाही तो पार्ट आवडला असावा, कारण फितुराने नाडी बघायला हात पुढे केला की महाराज मुकाट्याने मनगट द्यायचे. पाणी हवं असलं की आख्ख्या वॉर्डाला ऐकू जाईल असं, "दासी, जल आण. नाहीतर शिरच्छेद." मी पाण्याचं भांडं नेऊन मुजरा करायची. समोरच्या खाटेवरचा हर्नियाचा पेशंट हसायचा आणि टाक्यांवर हात दाबून मला शिव्या द्यायचा.

त्याची बायको खाटेच्या पायाशी बसून असायची. बारीक, सावळी, फार न बोलणारी. तिच्याशीही त्याचं बोलणं याच थाटात. पेज पातळ झाली, गरम झाली, गार झाली. एकदा मी तिला म्हटलं, वहिनी, तापात माणूस असा बोलतो, मनावर घेऊ नका. ती म्हणाली, "ताप नसला तरी असाच बोलतो, बाई."

हे सगळं एवढ्यासाठी सांगितलं की पुढचं कळावं. माणसाचा ताप तक्त्यावर दिसतो. पण माणूस रोज कसा बोलतो, कुशीवर कसा वळतो, कुणावर ओरडतो, हे तक्त्यावर नसतं. ते नर्सच्या डोक्यात असतं, आणि तिथे नसेल तर कुठेच नसतं.

तिसरा आठवडा संपत आला. वाडीतली मंडळी दिवस मोजत होतीच. मुदत भरायच्या दिवशी ती सकाळीच येऊन हजर झाली. म्होरक्या होता महाराजांचा थोरला चुलतभाऊ. मुंबईला गिरणीत फिटर, खास रजा काढून आलेला, टेरिलिनचा शर्ट घातलेला आणि दर दोन वाक्यांत एक हिंदी वाक्य टाकणारा. त्यांनी पायाला सुतळी बांधलेला एक तांबडा कोंबडाही आणला होता. डोली तर पहिल्या दिवसापासून पडवीत उभीच होती. इस्पितळातून डोली रिकामी परत न्यायची नाही, असा त्यांच्याकडचा रिवाज. ती आणलेला माणूस घेऊनच जायची. म्हणून इतके दिवस ती भिंतीला टेकून होती आणि तिच्या दांड्यावर भावकीचे पंचे वाळत असत.

त्या सकाळी मी वॉर्डात शिरले आणि पाहते तर ताप उतरलेला. आदल्या संध्याकाळी अंग फणफणत होतं, आणि आता थर्मामीटरचा पारा निरोगी माणसालाही लाज वाटेल इतका खाली. बातमी पडवीत पोचायला वेळ लागला नाही. तिथे आनंदीआनंद झाला. मुदत भरली, ताप गेला, अगदी ठरल्या दिवशी गेला. आता पुढचा कार्यक्रमही ठरलेला होता: माणसाला डोलीत घालायचं, जवळच्या सव गावी गरम पाण्याच्या झऱ्यावर न्यायचं, डोक्यावरून आंघोळ घालायची, कोंबडा द्यायचा, रस्सा-भाकरी पोटभर खायला घालायची आणि मग घरी. आजार उतरल्याची पहिली आंघोळ सवच्या पाण्याची, हे त्यांच्या घराण्यात पूर्वीपासून. चुलतभावाने तर रस्त्यात चहा कुठे प्यायचा तेही ठरवलं होतं.

मी खाटेशी गेले. महाराज डोळे उघडे ठेवून छताकडे बघत होते. मी नेहमीसारखा मुजरा केला. त्यांनी माझ्याकडे मान वळवली आणि हळूच म्हणाले,

"बाई, जरा पानी देता का?"

मी आजवर खूप किंकाळ्या ऐकल्या आहेत. त्यातल्या एकीलाही मी इतक्या घाईने धावले नव्हते.

मनगट हातात घेतलं. मुंबईला आम्हाला शिकवणाऱ्या सिस्टर होत्या, त्यांची एक शिकवण होती. त्या म्हणायच्या, ताप आणि नाडी ही नवरा-बायको आहेत. दोघं एका दिशेने चालली आहेत तोवर घरात सगळं ठीक. एक माडीवर आणि दुसरं विहिरीकडे निघालं की तुम्ही खुर्चीतून उठायचं. त्यातून या टायफॉईडची नाडी मुळात आळशी. ताप चढला तरी ती रमतगमत चालते. इतके दिवस महाराजांची नाडी तशीच चालली होती. आता ताप खाली आला होता आणि नाडी बोटांखाली दोऱ्यासारखी बारीक होऊन धावत होती. कपाळावर घाम, पण थंड. खालची पापणी ओढून बघितली तर पांढुरकी. आणि माणूस मधूनमधून जांभया देत होता. झोप आलेली नाही, हवा पुरत नाही, तशा.

तापाने आतड्याला जखमा होतात आणि तिसऱ्या आठवड्यात त्यातली एखादी वाहू लागते. बाहेर काहीच दिसत नाही. ताप उतरतो, माणूस शांत होतो, नातेवाईक कोंबडा आणतात. आणि तो आतल्या आत रिकामा होत असतो. अशा माणसाला डोलीत हेलकावे देत सवला नेऊन ऊन पाण्याने न्हाऊ घालायचं आणि वर रस्सा-भाकरी. परत आणायला काही उरलंच नसतं.

आता पुरावा म्हणाल तर माझ्याजवळ काय होतं? एक नाडी, एक पापणी आणि एक सभ्य वाक्य. पोट मऊ होतं. शौचाच्या भांड्यात अजून काही वेडंवाकडं आलं नव्हतं. आणि डॉक्टर नव्हते. आंबेनळी घाटात कोळशाची लॉरी कलंडली होती, म्हणून ते पहाटेच पोलादपूरला गेले होते. त्यातून माझी आणि डॉक्टरांची एक जुनी गंमत होती. महिन्याभरापूर्वी मी एका पेशंटचं पोट कडक लागलं म्हणून त्यांना भरल्या ताटावरून उठवून आणलं, तर त्या माणसाने चोरून कडव्या वालांची उसळ खाल्लेली निघाली. डॉक्टर हात धुताना म्हणाले होते, सिस्टर, वालाची उसळ हा इमर्जन्सीचा प्रकार नाही. तेव्हापासून औषध देणाऱ्या कंपाउंडरपर्यंत सगळे मला बघून वालांचा भाव विचारायचे.

एवढा विचार मी केला, पण हात थांबले नव्हते. माझ्या अखत्यारीतलं होतं तेवढं उरकलं. तोंडाने काही द्यायचं नाही, ओठ फक्त ओल्या बोळ्याने पुसायचे. खाटेचं पायाकडचं टोक विटांवर उचललं; विटा मावशींनी मागच्या अंगणातल्या कुणाच्या तरी चुलीतून तापलेल्याच उचलून आणल्या आणि त्या चुलीवरचा भात लवंडला, ते भांडण वेगळं. सलाइनची बाटली काढली, सुया उकळायला ठेवल्या. दुखत नव्हतं, तरी त्याला निपचित ठेवायला मॉर्फिया लागणार होता, पण तो डॉक्टरांच्या हुकुमाशिवाय द्यायचा नाही. तिथे मी हात आवरला. मग चिठ्ठी लिहून पोलादपूरच्या एसटीच्या कंडक्टरकडे पाठवली. चिठ्ठी मला अजून पाठ आहे: ताप उतरला. नाडी चढली. पेशंट सभ्य झाला आहे. ताबडतोब या.

आता उरली पडवी.

मी बाहेर जाऊन सांगितलं की आज पेशंटला हलवता येणार नाही. चुलतभावाने मला समजावणीच्या सुरात सांगितलं की बाई, ताप गेला, तुमचं काम झालं, आपण आभारी आहोत. मी म्हटलं, ताप गेला तेच वाईट झालं. यावर सगळे एकमेकांकडे बघू लागले, आणि त्यांचं काही चुकलं असं मी आजही म्हणणार नाही. इतके दिवस ही बाई ताप उतरवायच्या मागे लागली होती, आणि आता उतरला तर म्हणते वाईट झालं. चुलतभाऊ म्हणाला,

"देखो बाई, मुदत भरलेला मानूस हाय. त्याला आंघोळ नाय घातली तर ताप पलटून येतो. आमच्या आज्यापासून असाच हाय."

मी आतड्यांबद्दल बोलले. आतली जखम, आतलं रक्त. एका म्हाताऱ्याने विचारलं, रक्त हाय तर दिसत का नाय? मी म्हटलं, दिसेल. तो म्हणाला, दिसला की थांबू.

आणि चौघांनी डोली भिंतीवरून काढून पडवीत आडवी ठेवली. पंचे गोळा केले. गोधडी अंथरली. इकडे मावशी आणि मी अशा दोन बाया, आणि पलीकडे डोंगर चढून-उतरून पोटऱ्या दगडासारख्या झालेले दहा-बारा पुरुष. अडवायचं कशाने?

मग मला वाटतं माझ्यातली नटी मदतीला आली. मी टोपी सरळ केली, चार पावलं चालले, आणि डोलीत जाऊन बसले.

नुसती बसले नाही. पाय आत घेतले, गोधडी गुडघ्यांवर ओढली, आणि लग्नाची नवरी बसते तशी मान खाली घालून बसले. पडवीत असा काही शुकशुकाट झाला की कोंबडाही गप्प झाला. आतून हर्नियावाला विचारत होता काय झालं, काय झालं.

त्यांची अडचण मला बसल्यावर पुरती कळली. मला उचलून बाहेर काढायचं तर परक्या, बिनलग्नाच्या बाईला हात लावायचा. तो लावणार कोण? आणि माझ्यासकट डोली उचलायची तर न्यायची कुठे? एकजण हळूच म्हणाला, नेऊन ठेवू तिच्या बापाच्या दारात. वडील शाळेत मास्तर होते. मी त्या दृश्याचा विचार केला आणि मला हसू आवरेना, म्हणून मान आणखी खाली घातली. त्यांना वाटलं मी रडतेय. त्याने तर ते अगदीच हवालदिल झाले. चुलतभाऊ डोलीभोवती एक फेरी मारून आला आणि म्हणाला, "बाई, उठा ना. ये क्या तमाशा हाय?" मी म्हटलं, डॉक्टर आले की उठेन. तोपर्यंत हवं तर कुंकू लावा आणि अक्षता टाका.

शेवटी त्याला तोड सुचली. बाईला बाई हात लावू शकते. त्याने महाराजांच्या बायकोला हाक मारली. "गो, इकडे ये. हिला उतरव."

ती आली. माझ्यासमोर उभी राहिली. त्या पडवीत खरं वजन त्या बारीकशा बाईचंच होतं, कारण नवरा तिचा होता. तिने माझा हात धरला असता तर मी उठले असते. तिच्याशी झोंबाझोंबी मी करणार नव्हते. मी तिला एवढंच म्हटलं, वहिनी, मला उतरवायच्या आधी एकदा आत जा. त्याच्या कपाळाला हात लावा. आणि त्याच्याशी बोलून बघा. मग या आणि तुम्ही म्हणाल ते करू.

ती आत गेली. सगळे दाराकडे बघत राहिले. मी डोलीत बसून मनात नाडी मोजत होते, कुणाची ते मला माहीत नाही, बहुधा माझीच.

ती बाहेर आली तेव्हा तिचा चेहरा उतरला होता. चुलतभाऊ म्हणाला, काय झाला गो? ती त्याच्याशी बोलली नाही. माझ्याकडे बघून म्हणाली,

"बाई, त्याने मला इचारला, जेवलीस का."

कुणालाच काही कळलं नाही. ती म्हणाली,

"लगीन झाल्यापासून कधी इचारला नाय. ह्यो माझा मानूस नाय. तो कुठं तरी चाललाय."

आणि ती येऊन डोलीच्या दांड्यावर बसली. माझ्याशेजारी, पदर खोचून, पाय रोवून. नवऱ्याच्या थोरल्या चुलतभावासमोर ती आजवर उंच आवाजात बोललेली कुणी ऐकली नव्हती. तशी ती आताही बोलली नाही. नुसती बसली. मग मी उठले, कारण डोलीला आता माझी गरज नव्हती, आणि आत माझी होती.

डॉक्टर आले ते कोळशाच्याच दुसऱ्या लॉरीतून, नखशिखांत काळे. दारात मावशी त्यांना ओळखेनात. वालांबद्दल अवाक्षर न काढता ते सरळ खाटेशी गेले, आणि महाराज त्यांना "नमस्कार, डॉक्टरसाहेब" म्हणाले, तशी डॉक्टरांनी माझ्याकडे बघितलं. नाडी धरली. पापणी ओढली. पोट चाचपलं. एवढ्यात मावशींनी भांडं सरकवलं, आणि म्हाताऱ्याला हवा होता तो रक्ताचा पुरावा डांबरासारखा काळा होऊन त्यात आला. मी भांडं झाकून मुद्दाम पडवीतून नेलं. म्हाताऱ्याने बघितलं आणि कोंबड्याची सुतळी खांबाला बांधून टाकली.

मग मॉर्फिया, मग सलाइन, मग रक्त. रक्त द्यायचं म्हणताच पडवी बरीचशी चहाला गेली. चुलतभाऊ तेवढा राहिला, आणि जुळलंही त्याचंच. सुई टोचताना त्याने मला सांगितलं की मुंबईत हे रोज होतं, कुछ नाय. आणि बाटली भरायच्या आत आपल्या टेरिलिनसकट खुर्चीवरून घसरला. मावशींनी त्याला चुलीवरचा गोड चहा पाजला. ज्यांचा भात त्यांनी सकाळी लवंडला होता, त्यांच्याच चुलीवरचा. पुढे तो वर्षानुवर्षं सांगत असे की राजाच्या अंगात निम्मं रक्त गिरणीचं आहे.

संध्याकाळपर्यंत मी जागची हलले नाही. नाडी कधी बरी वाटायची, कधी हातातून निसटायची. एकदा तर मला ती सापडेचना, आणि डॉक्टरांनी मनगटावरची माझी बोटं बाजूला करून आपली ठेवली आणि सापडली, म्हणाले. खरंच सापडली की मला सांभाळायला म्हणाले, ते मी कधी विचारलं नाही. हात धुताना ते एवढंच म्हणाले, "चिठ्ठीतलं तिसरं वाक्य वाचून निघालो."

पुढचे काही दिवस महाराज सभ्यच राहिले. पाणी मागायचे ते बाई म्हणून, ओठ पुसले तर उपकार झाले म्हणायचे. सगळ्या वॉर्डाला ते फार गोड वाटायचं. येणारेजाणारे म्हणायचे, आजाराने माणूस किती सुधारला. मला आणि त्याच्या बायकोला तो शब्द कानाला नको व्हायचा. आम्ही एकमेकींकडे बघायचो. ती रोज सकाळी मला मानेनेच खूण करायची: अजून नाय.

पडवीत कोंबडा मात्र रोज पहाटे आरवायचा आणि डॉक्टर रोज त्याला डिस्चार्ज द्या म्हणायचे.

आणि एके दिवशी सकाळी मी वॉर्डाच्या दारात पाऊल टाकते तोच आतून आवाज आला. आधी घशातल्या घशात, मग चढत गेलेला. पेज. पेज ही असते? राजाला असली पेज देतात? प्रधान कुठे आहे? हर्नियावाला केव्हाच घरी गेला होता. त्याच्या खाटेवर आलेला नवा पेशंट घाबरून उठून बसला. डॉक्टर माझ्यामागून राउंडला येत होते. ते म्हणाले, सिस्टर, त्याला गप्प करा. मी म्हटलं, मुळीच नाही, डॉक्टर.

मी खाटेशी जाऊन मनगट हातात घेतलं. नाडी रमतगमत चालली होती. खाटेच्या पायाशी ती पेजेची वाटी हातात घेऊन उभी होती, डोळ्यांना पदर लावून. मी विचारलं, काय झालं वहिनी?

"आज नाय इचारला, बाई," ती म्हणाली. "दोनदा ओरडला, पन जेवलीस का, ते नाय इचारला."